दोन बोटं कमी

२ फेब्रुवारी

चि. गोटीस मामाचे आशीर्वाद, वि. वि.

आज दुकान उघडण्याआधी एक हिशेब मांडला. तो आधी वाच, बाकीचं नंतर.

माझा डावा पाय लांबीला दोन बोटं कमी आहे, हे तू जन्मापासून पाहतेस. पण त्या दोन बोटांपायी खरं काय काय गेलं, ते कधी कोणी मोजलं नव्हतं. शाळेतली धावण्याची एकूण एक शर्यत गेली. एक मुलगी गेली. तिच्या घरच्यांनी मला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि चहासुद्धा न विचारता परत पाठवलं. डाव्या बुटाखाली कॉर्कचे आजवर एकशे साठ थर गेले. उजवा गुडघा दोघांचं काम करून झिजला, तो वेगळाच. आणि तुझ्या आजोबांची टोपी. ही शेवटची बाब सगळ्यात महाग पडली. ती सांगतो.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू हो मामा, हो मामा करतेस आणि तुला पाहिजे तेच करतेस. कागदावर हो लिहून दे, म्हणजे मला दाखवायला राहील.

तुझा परीक्षेतला क्रमांक ताईनं सांगितला, नऊशे चौदा. आता पुढच्या तीन वर्षांसाठी कुठलं रुग्णालय आणि कुठला विषय, याची पसंतीची यादी तुला वीस तारखेपर्यंत भरायची आहे. माझं म्हणणं एका ओळीचं आहे. यादीत पहिल्या जागी आपल्या दुकानासमोरचं मोठं रुग्णालय, आणि विषय हाडांचा. खाली तुला काय लिहायचं ते लिही.

कारण ऐक. मी अकरा वर्षांचा होतो. गोदामाच्या ओट्यावरून पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. बाबांनी याच रुग्णालयात आणलं. तिथले हाडांचे डॉक्टर तेव्हा तरुण होते, तरी सगळे त्यांना मोठे साहेबच म्हणत. त्यांनी प्लास्टर घातलं आणि पुढचे सहा आठवडे त्याच्याकडे कोणी वाकूनही पाहिलं नाही. काढलं तेव्हा हाड एकावर एक चढून जुळलेलं. बाबांनी भीत भीत विचारलं की पोरगा लंगडतोय, काही करता येईल का. साहेबांनी मला बारा शिकाऊ डॉक्टरांपुढे चालून दाखवायला लावलं आणि म्हणाले की चालतोय ना, मग झालं तर, याला काय रंगमंचावर नाचायचंय. बाराच्या बारा जण हसले. ते मी कधीतरी विसरलो असतो. पण बाबांनी टोपी काढली आणि साहेबांचे आभार मानले. ते नाही विसरलो.

म्हणून तर बुटांचं काम शिकलो आणि मुद्दाम त्याच रुग्णालयाच्या मागच्या फाटकासमोर फुटपाथवर बसलो. मग टपरी झाली, मग दुकान, आता हाताखाली अकरा माणसं आहेत. साहेबांनी पाय कमी करून पाठवावा आणि मी भरून द्यावा, असं आमचं दोघांचं चाळीस वर्षं चाललं. त्यांना फक्त ते माहीत नव्हतं.

माझे कान तुला ठाऊक आहेत. गिऱ्हाईक पायऱ्या चढायला लागलं की न बघता मी सांगतो, कुठला पाय कमी आणि किती. माझ्या वहीतही नावं नाहीत, साच्याचा नंबर आहे, पायाचं माप आहे आणि चाल कशी वाजते ते आहे. नाव कोणीही बदलेल, चाल बदलायची कशी? साहेबांची उजवी टाच पाऊल टाकताना जमिनीला जराशी घासायची. मी प्लास्टरमध्ये पडून सहा आठवडे तो आवाज ऐकलाय. सत्तेचाळीस वर्षं झाली, पण आजही तो माणूस माझ्या पाठीमागून आला तर मान न वळवता ओळखीन.

ताई बरी आहे. तू आलीस तर वरच्या खोलीला रंग काढीन म्हणतो.

लोभ आहेच, तो एका होकारानं वाढव.

तुझा मामा


६ फेब्रुवारी

ती. मामांस गोटीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. होकार मागायची तुमची तऱ्हा बघून वसतिगृहातल्या माझ्या सोबतिणी म्हणाल्या की हे मामा वकील असणार. मी म्हटलं, वकील परवडला.

मामा, खरं ते लिहिते. मला मुलांची डॉक्टर व्हायचंय. मागच्या वर्षी एक महिना त्या बंदराच्या गावातल्या रुग्णालयात होते, आठवतं? दोन बस बदलून अकरा तास. बैठी इमारत, मुलांच्या विभागात चाळीस खाटा आणि त्या सगळ्यांवर एक डॉक्टर बाई. त्या कुठल्याही मुलाला तपासायच्या आधी नळी त्याच्या कानाला लावून स्वतःची छाती ऐकवतात. मूल ऐकता ऐकता गप्प होतं, मग त्या त्याची ऐकतात. खोकला कुठल्या खाटेवरचा आणि कालच्यापेक्षा बरा की वाईट, हे त्यांना व्हरांड्यातून कळतं. तुम्हा दोघांची गाठ घालून द्यायला हवी. तिथे मी तीन दिवसांच्या बाळाची शीर पहिल्या फटक्यात शोधली, आणि त्या महिन्यात एकदाही घड्याळ बघितलं नाही.

आता आकडे. मोठ्या रुग्णालयात मुलांच्या विभागाच्या जागा गेल्या वर्षी सहाशे दहाव्या क्रमांकालाच संपल्या. म्हणजे तिथे तो विषय मला मिळत नाही. हाडांची शेवटची जागा नऊशे तीसला गेली. म्हणजे जेमतेम, पण मिळू शकते. बंदरावर मुलांचा विभाग नक्की मिळतो. यादीत जे वर लिहू ते यंत्र आधी बघतं. ते मिळालं की खालचं बघतच नाही. एकदा यादी बंद केली की माझ्या रडण्याला काही अर्थ नाही.

तेव्हा तराजूत एका बाजूला माझा विषय आहे आणि दुसऱ्या बाजूला तुमचं गाव. गाव हलकं नाही, हे मलाही कळतं. मोठ्या रुग्णालयात असले तर रस्ता ओलांडून रोज दुपारी घरी जेवेन. आईला दोन जिने चढताना धाप लागते, ती फोनवर लपवते. अकरा तासांवरून मी काय करणार? कागदाला मधोमध रेघ मारून दोन्हीकडे लिहिलं. दोन्हीकडे सात-सात झाले.

पण तुमच्याकडे कोणी आलं तर जोडा पायाच्या मापाचा देता ना? की दुकान कुठल्या फाटकासमोर आहे त्या मापाचा?

रागावू नका. रागावलात तरी लिहीत राहा.

तुमची
गोटी


९ फेब्रुवारी

चि. गोटीस अ. आ.

जोड्याचा टोला बसला. घरातलीच शिकवलेली माणसं घरात मारतात, त्याला काय करणार.

तरी ऐक. साहेब निवृत्त झाले, पण संपले नाहीत. आता विभागाचा प्रमुख त्यांचा जावई आहे. दर गुरुवारी म्हातारा गाडीतून येतो, टेबलाच्या डोक्याशी बसतो आणि जावई त्याच्याकडे बघून मान हलवतो. दारावर साहेबांच्या नावाची पितळी पाटी आहे. रोज ब्रासो लावून घासतात. प्लास्टर निघाल्यापासून मी फाटकातून आत कधी गेलो नाही, पण जे आत जातात ते माझ्या बाकावर बसून सगळं सांगतात. पायाचं माप देताना माणूस फार बोलतो.

मला काय पाहिजे ते सांगतो. त्या टेबलाशी तू बसावंस. कोणीतरी विचारावं की तुम्ही कोणाकडच्या, आणि तू सांगावंस की समोरच्या जोडेवाल्याची भाची. एवढंच. मग म्हाताऱ्याला घाम फुटो न फुटो. तुझ्यासाठी बूटही करून ठेवलेत, टाचा टणक चामड्याच्या. त्या व्हरांड्यात तू चाललीस की चार खोल्यांपलीकडे कळलं पाहिजे.

मुलांचा विषय चांगला आहे, नाही कोण म्हणतो. पण मुलांना हाडं असतातच की.

तेरा तारखेला गुरुवार आहे. त्या दिवशी उमेदवारांना विभाग बघायला बोलावलंय, चिठ्ठी फाटकावर लावली आहे. मी कॉर्क आणायला दोन दिवस बाहेरगावी असेन, तेव्हा माझा धाक नाही. ये, डोळ्यांनी बघ, ताईच्या हातचं जेव, आणि मग ठरव. मी आग्रह करत नाही. मी फक्त सत्तेचाळीस वर्षं थांबलोय.

प्रेम आहे तसं ठेव, थोडं माझ्या बाजूला झुकव.

मामा


१४ फेब्रुवारी, परतीच्या गाडीतून

ती. मामांस सा. न. वि. वि.

गेले होते. आणि मामा, तुमची दोन बोटं मी वसूल करणार आहे.

आम्ही नऊ उमेदवार होतो, त्यात मी एकटी मुलगी. जावईसाहेबांनी विभाग फिरवून दाखवला. उंच आहेत, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघतात. एका खाटेपाशी थांबून त्यांनी फोटोतलं हाड कुठे मोडलंय ते विचारलं. मुलं एकमेकांकडे बघत होती, मी सांगितलं. बरोबर होतं. त्यावर ते मला म्हणाले की छान, पण बाई, हाडं ओढायला खांदे लागतात. तुम्ही त्वचेचा विषय घ्या, दुपारी घरी जाऊन झोपता येतं. आठ जण हसले. टेबलाच्या डोक्याशी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मान वर केली आणि तेही हसले. मोठे साहेब हेच, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

माझे कान गरम झाले, ते अजून गार झालेले नाहीत. तुमची भाची म्हणून सांगायचं होतं, ते सुचलंच नाही. आता सांगायचं ते तीन वर्षं रोज सांगेन. गाडीत बसल्या बसल्या यादी उघडली आणि पहिल्या जागी मोठं रुग्णालय, हाडं, असं टाकलं. बंदर दुसऱ्यावर ढकललं.

काय काय करणार तेही ठरवलंय. सगळ्यांच्या आधी पोहोचणार आणि सगळ्यांच्या नंतर निघणार. जावईसाहेबांनी चुकीचा वाचलेला प्रत्येक फोटो लक्षात ठेवणार. आणि एखाद्या गुरुवारी सगळ्यांसमोर त्यांना फक्त एक प्रश्न विचारणार, ज्याचं उत्तर त्यांना येत नाही. तो प्रश्न शोधायला तीन वर्षं लागली तरी चालतील. टणक टाचांचे बूट पाठवून द्या.

यादी अजून बंद केलेली नाही, वीसपर्यंत वेळ आहे. पण आता त्यात काय बदलायचं?

तुमचीच, आणि आता खरोखर तुमचीच,
गोटी


१६ फेब्रुवारी

चि. गोटीस आईचे अनेक आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. पण तुझं मामाला आलेलं पत्र त्यानं मला तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. मग कारागिरांना बोलावून एकदा. तेव्हा लिहायला बसले.

गोटे, तू त्याच्यासारखी बोलायला लागलीस. एका घराला असा एक माणूस पुरतो. मामा आहे म्हणून ते गोड वाटतं, कारण तो दिवसभर हसतो, चार लोकांना चहा पाजतो आणि मधूनच सूड आठवतो. तू हसत नाहीस. जेवताना तू ताटाकडे बघत होतीस, पण तुझं लक्ष त्या टेबलाशी होतं.

बाबांनी टोपी काढली तेव्हा मी दाराशी उभी होते, चौदा वर्षांची. मामा सांगतो तेवढंच खरं नाही. बाबांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाले की आता घरी चल, याला बूट करू. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्या दिवसापासून मी कोणापुढे मान खाली घातली नाही, आणि त्यासाठी मला कुठल्या खुर्चीवर बसावं लागलं नाही.

माझ्या धापेचा विचार करून गाव निवडू नकोस. जिना मी सावकाश चढते, मला कोणाची बस गाठायची नाही. परवा तू मला बंदराच्या रुग्णालयातल्या त्या खोकल्याच्या बाईंबद्दल सांगत होतीस तेव्हा तुझा हात हवेत असा धरलेला होता, जणू नळी धरलीय. हाडांचं सांगताना मूठ होती. एवढंच मला दिसतं.

आणि बुटाची ती गोष्ट, जी तू मला सांगितलीस आणि आपण दोघींनी वही काढून ताडून पाहिली, ती मी मामाला सांगणार नाही. तू पाहिलंस, तू सांग. यादी बंद करायच्या आधी सांग.

माया कमी नाही, कागद कमी आहे.

आई


१७ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

एक गोष्ट तुम्हाला लिहायची ठेवली होती. आईनं कान धरला, म्हणून लिहिते.

गुरुवारी मोठे साहेब हसले तेव्हा त्यांनी पायावर पाय टाकला होता. डाव्या बुटाचा तळ जाड होता, साधारण एक बोट. टाचेच्या आतल्या कडेला, जिथे तुम्ही खुणेचा ठसा मारता, तिथे आकडा होता. मी रांगेत पुढे होते, नीट वाचला. तीनशे बारा.

घरी जेवायला आल्यावर आईला म्हटलं, मामांची वही दे. तीनशे बारा तुमच्याच अक्षरात आहे. डावा, खुब्याचं हाड मोडून जुळलेलं, एक बोट कमी, म्हातारे गृहस्थ, सभ्य, कमी बोलतात, चाल मऊ. पहिलं माप चार वर्षांपूर्वी. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तळ बदलायला येतात. आठ वेळा आलेत, मामा. आठही वेळा माप तुम्ही घेतलंय. पुढची तारीख या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, सत्तावीसला.

आधी हे लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुमचा हिरमोड होईल. खरं सांगायचं तर माझाही झाला असता. तुमच्या शत्रूचा पाय तुमच्याच मांडीवर असतो हे एकदा कळलं, तर मी त्या टेबलाशी जाऊन नक्की काय वसूल करायचं?

पण जावईसाहेबांचा राग माझा स्वतःचा आहे, तो गेलेला नाही. यादी तशीच आहे, हाडं वर, बंदर खाली. वीसला पाच वाजता बंद होईल. काय म्हणता ते लगेच कळवा. या वेळी फोन केलात तरी चालेल.

आपली
गोटी


१८ फेब्रुवारी, हातोहात पाठवत आहे

चि. गोटीस अ. आ.

तुझं पत्र वाचून मी बाकावर बसलो. गिऱ्हाईकाच्या बाकावर. कारागिरांना वाटलं मला चक्कर आली, एक जण पाणी घेऊन आला. मग मला हसू आलं, आणि ते आवरेना.

अगं, मी तुला तीन वर्षं त्या घरात पाठवायला निघालो होतो आणि तो माणूस स्वतःच्या पायानं, म्हणजे माझ्या पायानं, माझ्या दारात येतोय. याहून चांगली जागा मला यंत्र काय देणार? आता तुझी तिथे गरज नाही. हे मी मोठ्या मनानं म्हणतोय असं समजू नकोस. मन तेवढंच आहे. मला फक्त जास्त सोयीचा सूड मिळालाय.

सत्तावीसला तो येईल. मी पायऱ्यांकडे पाठ करून बसेन. पाऊल वाजलं की मान न वळवता म्हणेन, या साहेब, सत्तेचाळीस वर्षं वाट बघतोय. मग बाकावर बसवून ठेवेन, आमच्या बाबांना बसवलं होतं तसं. आणि नवा कॉर्क अर्धं बोट कमी कापेन. रापी कशी चालवायची ते मला कोणी शिकवायला नको. मग त्यानं विचारलं की मी लंगडतोय, काही करता येईल का, तर काय उत्तर द्यायचं ते मला पाठ आहे.

आता तुझं. जावयावर राग आहे तर ठेव, राग वाईट नसतो, माझं दुकान त्याच्यावरच उभं आहे. पण एक नीट समजून घे, ते मी आजवर कोणाला बोललो नाही. मी सकाळी लवकर उठून दुकानात येतो ते चामड्यासाठी. नवं कातडं उलगडलं की त्याचा वास येतो, साच्यावर ते ओलं ताणलं की हातात बसतं, त्यासाठी. साहेब आपले तोंडी लावायला होते. नुसतं त्यांच्यासाठी मी एक वर्षही टिकलो नसतो. तुला हाडं आवडत नाहीत. जावयाला एक प्रश्न विचारायला तू तीन वर्षं न आवडणारी हाडं जोडणार, आणि त्यानंतर जन्मभर. तो जावई सहा महिन्यांत विसरेल, आणि हाडं तुझ्या गळ्यात.

बंदर वर टाक. तुझ्या आईकडे मी आहे. धाप लागते म्हणून मी तिची खाट आजच खालच्या खोलीत हलवली. ती दोन तास माझ्याशी बोलली नाही, म्हणजे तिला आवडलं.

टणक टाचांचे बूट मी मोडून टाकतो. मुलांच्या विभागात आवाज न होणारे लागतील, ते करतो.

फोन करत नाही, कारण हे वाक्य मला कागदावर पाहिजे. यादी तुझी आहे.

मामा


२६ फेब्रुवारी

ती. मामांस आणि आईस, दोघांना मिळून, सा. न. वि. वि.

यादी वीस तारखेला चार वाजून चाळीस मिनिटांनी बंद केली. बंदर वर. वीस मिनिटं उरली होती, ती खोलीत येरझाऱ्या घालण्यात घालवली. सोबतिणी म्हणाल्या की पायाखालची फरशी झिजेल, मामांना बोलावू का.

आज निकाल लागला. बंदरावर मुलांचा विभाग मिळाला. एक तारखेला हजर व्हायचंय. बाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या की बरं झालं, येताना बिनआवाजी बूट घेऊन ये. तुमचं बोलणं झालंय का, असं मला क्षणभर वाटलं.

मोठ्या रुग्णालयात हाडांची शेवटची जागा यंदा नऊशे एकवीसला गेली. म्हणजे मला मिळाली असती. तो आकडा मी तीनदा वाचला, लपवत नाही. पण ती जागा कोणाला गेली ते ऐका. आमच्याच वसतिगृहातल्या, वरच्या मजल्यावरच्या एका मुलीला. ती गोळाफेक करते. विद्यापीठाचं पदक आहे तिच्याकडे आणि दार उघडताना कडी हातात येते. तिला हाडंच हवी होती, लहानपणापासून. मी तिला जावईसाहेबांचं खांद्यांबद्दलचं वाक्य शब्दशः सांगून ठेवलंय. तिनं ते ऐकलं आणि मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे मोडली. आवाज आला.

माझा सूड योग्य माणसाकडे सुपूर्द झाला, असं मी समजते. तुमचा उद्या आहे. सविस्तर लिहा, काही गाळू नका.

आहे तेवढा जीव दोघांत वाटून घ्या.

गोटी


१ मार्च

चि. गोटीस मामाचे आशीर्वाद, वि. वि.

तू आज हजर झाली असशील. बूट मिळाले का? डाव्या पायाला अंगठ्यापाशी थोडं घट्ट वाटेल, चार दिवसांत बसेल. ताई खालच्या खोलीत रुळली. आता म्हणते की दुकानातलं सगळं ऐकू येतं आणि कारागीर फार शिव्या देतात. ते खरं आहे.

गुरुवारचं सांगतो. साहेब आले, बाकावर बसले. मी त्यांना पाऊण तास बसवलं. त्यांच्यापुढे तिघांची मापं घेतली, जी दुसऱ्या दिवशी घेतली तरी चालली असती. मग बूट काढून घेतला, आणि कॉर्क लावता लावता मोठ्यानं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, अकरा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. गोदाम, प्लास्टर, सहा आठवडे, बारा डॉक्टर, टोपी. एकही शब्द सोडला नाही. कारागिरांनी हात थांबवले होते.

साहेबांनी नीट ऐकलं. मग विचारलं की कुठली मांडी. मी म्हटलं डावी. ते थोडा वेळ आठवत राहिले, खरोखर आठवत राहिले, आणि म्हणाले की त्या काळात दिवसाला तीस प्लास्टरं होत, माणसं कमी होती, नाही आठवत. माफी नाही, उद्धटपणाही नाही. जसं मला कोणी विचारावं की बारा वर्षांपूर्वी आमची टाच तुम्ही लावली होती का.

गोटे, मला रागवायलासुद्धा जागा ठेवली नाही. म्हणून मग रापी चालवली. ठरल्याप्रमाणे अर्धं बोट कमी. बूट त्यांच्या पायात घातला, फीत बांधली, हात देऊन उठवलं. ते आभार मानून निघाले. पहिली पायरी उतरले, दुसरी उतरले. तिसरीला तो आवाज आला. एक पाय वाजतो, दुसरा आपटतो. माझ्या दुकानातून चाळीस वर्षांत असा आवाज बाहेर पडला नाही. रस्त्यावर माणसं होती, समोर फाटक होतं, आणि तो आवाज माझ्या ठशासकट, तीनशे बारा आकड्यासकट चालला होता.

दया आली असं लिहिलं तर ताई हसेल. दया नाही आली. पण तसा जोडा मला बाहेर जाऊ देता आला नाही. उठलो, दंडाला धरून परत आणलं, कॉर्क खराब निघाला असं सांगितलं आणि नवा पूर्ण मापाचा लावून दिला. ते पाठ केलेलं उत्तर द्यायची वेळच आली नाही, कारण त्यांनी काही विचारलंच नाही. सूड म्हणावा तर पाच पायऱ्या टिकला. जाताना म्हणाले की काम चांगलं आहे, पण तुमच्याकडे वेळ फार लागतो.

पुढची तारीख ऑगस्टातली आहे. वहीत या वेळी त्यांचं नाव लिहिलं.

मुलांच्या खोकल्यांकडे कान दे, जेवत जा, आणि पत्र लिहायला विसरू नकोस. आता मला तुझ्याकडून काही नको, म्हणून लोभ जास्त लागेल.

तुझा मामा

ता. क. काही गाळू नका म्हणालीस म्हणून लिहितो. साहेब आले तेव्हा ठरल्याप्रमाणे माझी पाठ पायऱ्यांकडे होती. पावलं ऐकली, आणि मान न वळवता म्हणालो की पत्रं खिडकीत ठेवून जा. मला वाटलं पोस्टमन आला.